बटाट्याच्या शेतातले सुवर्णयुग

आपल्याकडे सुवर्णयुग म्हटले की मन गुप्तकाळापर्यंत, किंबहुना थेट रामराज्यापर्यंत धाव घेते. अमेरिकेचा राष्ट्र म्हणून इतिहासच जेमतेम अडीचशे वर्षांचा. तेव्हा तेथील माणसाला इतके मागे जाण्याची सोय नाही. तो विसाव्या शतकाच्या मध्यापाशी, दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत कोठेतरी थबकतो. युद्ध जिंकून परतलेला तरुण, उपनगरातले टुमदार घर, दारात चकाकणारी मोटार, स्वयंपाकघरात हसतमुख गृहिणी, हिरवळीवर बागडणारी मुले, आणि एकट्या बापाच्या पगारात हे सारे भागते आहे, असे ते चित्र. २०१६ साली 'पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूट' या संस्थेने केलेल्या पाहणीत, १९५० च्या दशकापासून अमेरिकन समाज आणि त्याची जीवनपद्धती बिघडत गेली असे म्हणणारे ५१ टक्के निघाले, तर सुधारत गेली असे म्हणणारे ४८ टक्के. त्याच पाहणीत ट्रम्प यांच्या बाजूच्या मतदारांपैकी ७२ टक्क्यांना अधोगती दिसत होती आणि क्लिंटनबाईंच्या बाजूच्या ७० टक्क्यांना प्रगती. साठ वर्षांपूर्वीच्या एका दशकाविषयी तुम्हांस काय वाटते, यावरून तुमचे आजचे मत ओळखता यावे, अशी ही स्थिती.

'नॉस्टॅल्जिया'ला मराठीत आपण स्मरणरंजन म्हणतो. मूळ शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने, परमुलुखात राहणाऱ्या स्विस माणसांना जडणाऱ्या एका व्याधीसाठी घडवला. त्यात ग्रीक भाषेतले घरी परतणे आहे आणि वेदना आहे. रंजन कोठेच नाही. मराठीने वेदना गाळली आणि रंजन ठेवले. अमेरिकेच्या या प्रकरणात आम्हांस दोन्ही शब्द तितकेच लागू वाटतात. जे गेले त्याचे दुःख खोटे नाही, आणि त्या दुःखाच्या निमित्ताने चाललेले मनोरंजनही थोडेथोडके नाही. प्रश्न आहे तो नेमके काय गेले, याचा. तो मोघमपणे सोडवता येत नाही. सुदैवाने हे सुवर्णयुग नकाशावर बोट ठेवून दाखवता येते, आणि त्याचे कागदपत्रही उपलब्ध आहेत.

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस लाँग आयलंड नावाचे लांबोडके बेट पसरलेले आहे. त्यावर आयलंड ट्रीज नावाच्या भागात बटाट्याची शेते होती. १९४० च्या दशकात तेथील पिकाला एका सूत्रकृमीने ग्रासले, शेतकरी जमिनी विकावयास निघाले, आणि त्या लेव्हिट आणि पुत्र या बांधकाम करणाऱ्या कुटुंबाने घेतल्या. बाप एब्राहम, दोन मुलगे. त्यांपैकी विल्यम हा विक्रीत पटाईत आणि आल्फ्रेड आराखड्यांत. काळ असा की युद्धावरून परतलेल्या लाखो सैनिकांना राहावयास जागा नव्हती. शिकागोत तर जुन्या ट्रामगाड्यांचे अडीचशे डबे घरे म्हणून विकले गेले होते. १९४७ च्या मे महिन्यात लेव्हिट यांनी दोन हजार घरे भाड्याने देण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबरात पहिली कुटुंबे राहावयास आली. १९५१ साली काम थांबले, तेव्हा तेथे १७,४४७ घरे उभी होती. नाव अर्थातच लेव्हिटाउन.

ही घरे बांधण्याची रीत पाहण्यासारखी होती. मोटारीच्या कारखान्यात माणूस जागेवर उभा असतो आणि गाडी त्याच्यापुढून सरकत जाते. लेव्हिट यांनी हे उलटे केले. घर जागेवर, आणि कामगारांच्या टोळ्या एका घरातून पुढच्या घरात सरकत जाणार. सारे काम सत्तावीस-एक टप्प्यांत विभागलेले. एकाने फक्त फरशी ठोकायची, दुसऱ्याने फक्त कपडे धुण्याचे यंत्र बसवायचे. पांढरा रंग देणारा वेगळा आणि लाल रंग देणारा वेगळा. तळघर खणण्याचा खर्च वाचवण्यासाठी घर थेट काँक्रीटच्या चौथऱ्यावर उभे केलेले. काम भरात असताना दिवसाला तीसच्या वर घरे पुरी होत. पहिल्या घरांचे क्षेत्रफळ साडेसातशे चौरस फूट, म्हणजे मुंबईकराच्या हिशेबाने ऐसपैस आणि अमेरिकेच्या आजच्या हिशेबाने खुराडे. १९४९ साली नवा नमुना विक्रीस निघाला, त्याची किंमत ७,९९० डॉलर. त्या वर्षी अमेरिकन कुटुंबाचे मध्यम उत्पन्न तीन हजार शंभर डॉलरांच्या आसपास होते. म्हणजे सुमारे अडीच वर्षांच्या कमाईत घर. माजी सैनिकाला आधी एक छदामही भरावा लागत नसे आणि महिन्याचा हप्ता ५८ डॉलर, शहरातल्या पुष्कळ भाड्यांहून कमी. मार्च महिन्यात विक्रीच्या पहिल्या दिवशीच चौदाशे करार झाले. लोक दोन-तीन दिवस आधीपासून रांगेत बसले होते.

वस्तीचे नियमही होते. हिरवळ आठवड्याला कापलीच पाहिजे. शनिवार-रविवारी कपडे बाहेर वाळत घालावयाचे नाहीत. कुंपण घालावयाचे नाही. सुवर्णयुगाच्या प्रत्येक चित्रात जे पांढरे लाकडी कुंपण हटकून असते, त्याला सुवर्णयुगाच्या राजधानीत मनाई होती, हे आम्हांस मोठे मौजेचे वाटते.

जुलै १९५० मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने विल्यम लेव्हिट यांना मुखपृष्ठावर झळकवले. खासगी उद्योजकाची किमया म्हणून त्यांची कीर्ती झाली आणि ती पुष्कळ अंशी रास्तही होती. परंतु किमयेला भांडवल लागते, आणि ते कोठून आले हे पाहिले पाहिजे. १९४४ च्या कायद्याने माजी सैनिकांच्या गृहकर्जाची हमी सरकारने घेतली होती. १९३४ साली स्थापन झालेले केंद्रीय गृहनिर्माण प्रशासन बँकांच्या कर्जाला विमा देत होते. कर्ज बुडाले तर सरकार भरणार, म्हणून बँका तीस वर्षांच्या मुदतीने पैसे देण्यास राजी. घरे विकली जाणार याची खात्री, म्हणून लेव्हिट हजारांनी घरे बांधण्यास राजी. पुढे १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांचे महामार्ग आखले गेले, त्याचा नव्वद टक्के खर्च केंद्राचा. कामगारांपैकी जवळजवळ एकतृतीयांश संघटित होते. १९५० साली जनरल मोटर्स आणि मोटार कामगारांची संघटना यांच्यात पाच वर्षांचा करार झाला, त्यात महागाईनुसार वाढणारे वेतन, निवृत्तिवेतन आणि आजारपणाचा विमा असे सारे होते. 'डेट्रॉइटचा तह' या नावाने तो ओळखला जातो. आणि रिपब्लिकन अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या राज्यात प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर होता ९१ टक्के. प्रत्यक्षात तो फार थोड्यांना लागू पडे, हे खरे. तरी आज असा दर कोणी सुचवला तर त्यास काय काय म्हटले जाईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. परिणाम असा झाला की १९४० साली ४४ टक्के कुटुंबे स्वतःच्या घरात राहत होती, ती १९६० साली ६२ टक्के झाली. जगातल्या बाकीच्या कारखानदार देशांची युद्धात राखरांगोळी झालेली होती आणि अमेरिकन मालाला स्पर्धकच उरला नव्हता, हेही या समृद्धीचे एक कारण होतेच. पण ती समृद्धी खालपर्यंत झिरपली ती आपोआप नव्हे. तिच्यासाठी पाट खणलेले होते.

आता त्याच कागदपत्रांतले एक कलम पाहू. लेव्हिटाउनच्या पहिल्या भाडेकरारातील पंचविसाव्या कलमात, ठळक अक्षरांत, भाडेकरूकडून असे कबूल करून घेतले होते की कॉकेशियन वंशाच्या व्यक्तीवाचून अन्य कोणासही ही जागा वापरू किंवा तीत राहू देणार नाही. पुढे पुस्ती जोडली होती : घरगडी किंवा मोलकरीण अन्य वंशाची ठेवण्यास मात्र हरकत नाही. राबण्यास चालेल, राहण्यास चालणार नाही, या न्यायाचे मराठी वाचकास विशेष नवल वाटू नये.

हे एका माणसाच्या मनातले किल्मिष नव्हते. गृहनिर्माण प्रशासनाच्या १९३० च्या दशकातील नियमपुस्तकातच अशी बंधने घालण्याचा सल्ला दिलेला होता. मिश्र वस्तीतले कर्ज जोखमीचे, असा त्यांचा हिशेब. १९४७ साली मिसिसिपी राज्यातील तेरा शहरांत माजी सैनिकांसाठीच्या सरकारी हमीची ३,२२९ कर्जे दिली गेली. त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला आलेली कर्जे दोन. दोनशे नव्हेत, दोन. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने 'शेली विरुद्ध क्रेमर' या खटल्यात अशी कलमे न्यायालयांमार्फत अंमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. लेव्हिट यांनी कलम काढले आणि रिवाज चालू ठेवला. त्यांचे स्वतःचे म्हणणे असे की आपण ज्यू आहोत, आपल्या मनात वंशद्वेषाला थारा नाही. परंतु एका कृष्णवर्णीय कुटुंबास घर विकले तर गोरे गिऱ्हाईक शंभरातले नव्वद फिरकणार नाही. बहुधा त्यांचा हा हिशेब बरोबरच होता, आणि अस्वस्थ करणारी गोष्ट तीच आहे. इतिहासकार केनेथ जॅक्सन यांनी नोंदवले आहे की १९६० साली लाँग आयलंडवरील या लेव्हिटाउनच्या ८२,००० रहिवाशांत एकही कृष्णवर्णीय नव्हता.

येथे एक आठवण सहज होते. ५ जून १९५२ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठाने सन्मान्य डॉक्टरेट दिली, भारतीय संविधानाचे शिल्पकार म्हणून. १९१३ साली त्याच विद्यापीठात ते शिकावयास गेले होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील निग्रोंची स्थिती किती सारखी आहे याकडे लक्ष वेधले होते आणि संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या त्यांच्या निवेदनाची प्रत मागितली होती. जेथे त्यांचा गौरव झाला तेथून लेव्हिटाउन साधारण पन्नास किलोमीटरांवर, नुकतेच पुरे झालेले. आणि 'कॉकेशियन' शब्दाचे म्हणाल, तर त्याचाही एक हिंदी इतिहास आहेच. भगतसिंग थिंड यांनी १९२३ साली आपण वंशाने कॉकेशियन आहोत, सबब नागरिकत्वास पात्र आहोत, असा दावा सर्वोच्च न्यायालयात मांडला. न्यायालयाने शास्त्राचा तो मुद्दा बाजूस सारला आणि सामान्य माणूस ज्यास गोरा म्हणतो तोच गोरा, असे ठरवले. १९४६ च्या कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला, पण वर्षाला प्रवेश शंभरांनाच. सुवर्णयुगाच्या अंगणात आपणांस किती जागा होती, ती ही.

१९५७ हे वर्ष या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. लेव्हिट यांनी तोवर पेन्सिल्व्हेनिया राज्यात दुसरे लेव्हिटाउन बांधत आणले होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपे तीन मुलांसह तेथे राहावयास आले. त्यांनी घर लेव्हिट यांच्याकडून न घेता आधीच्या मालकाकडून घेतले होते. विल्यम माजी सैनिक, डेझी शिक्षिका, दोघेही पदवीधर. म्हणजे वर्णाखेरीज प्रत्येक बाबतीत त्या वस्तीला शोभणारे. टपालवाल्याने नवे रहिवासी पाहिले आणि बातमी वस्तीभर केली. संध्याकाळपर्यंत घरापुढे शेकड्यांनी माणसे जमली. खिडक्यांवर दगड आले. पुढे कित्येक आठवडे हा प्रकार चालला; जवळचे एक रिकामे घर विरोधकांनी अड्डा म्हणून वापरले आणि तेथून रात्री-अपरात्री कर्कश गाणी लावली. मायर्स यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या शेजाऱ्याच्या भिंतीवर क्लू क्लक्स क्लॅनची आद्याक्षरे रंगवली गेली. राज्याचे पोलीस बोलवावे लागले, आणि ऑक्टोबरात न्यायालयाने मनाईहुकूम दिला तेव्हा कोठे शांतता झाली. त्याच महिन्याच्या ४ तारखेस रशियाने स्पुटनिक सोडले, आणि त्याच दिवशी अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'लीव्ह इट टु बीव्हर' ही मालिका सुरू झाली. आदर्श उपनगर, आदर्श आई, मोत्यांची माळ घालून झाडलोट करणारी. आज ज्याला लोक १९५० चे दशक म्हणून आठवतात ते पुष्कळसे या मालिकेतले आहे. मायर्स यांच्या घरापुढचा जमाव त्यात नाही, हे सांगावयास नकोच.

त्या आईचीही खबर घेतली पाहिजे. १९५६ साली अमेरिकन मुलींचे लग्नाचे मध्यम वय २०.१ वर्षांपर्यंत उतरले होते. १९५७ सालीच बेटी फ्रीडन यांनी स्मिथ महाविद्यालयातील आपल्या वर्गभगिनींना पंधराव्या स्नेहमेळाव्यानिमित्त एक प्रश्नावली पाठवली. उत्तरांतून जी अनाम घुसमट बाहेर आली, तिच्यातून पुढे १९६३ चे 'द फेमिनिन मिस्टिक' निघाले. घरे मिळाली, यंत्रे मिळाली, नवरा एकुलती एक मोटार घेऊन कामावर गेला, आणि शिकलेली बाई सायंकाळपर्यंत खिडकीतून दुसऱ्याच्या तशाच खिडकीकडे पाहत राहिली. म्हाताऱ्यांचे हाल तर स्मरणरंजनात येतच नाहीत : १९५९ साली पासष्टीपुढील माणसांपैकी ३५ टक्के दारिद्र्यरेषेखाली होती. सर्व वयांच्या एकंदर कृष्णवर्णीयांत दारिद्र्याचे प्रमाण ५५ टक्के. १९५२ च्या उन्हाळ्यात पोलिओची जी साथ आली तीत सुमारे ५८,००० रुग्ण झाले आणि तीन हजारांवर दगावले. साल्क यांची लस १९५५ च्या एप्रिलमध्ये यशस्वी ठरली, तोवर उन्हाळा आला की आया मुलांना पोहावयास पाठवण्यास भीत.

बरे, त्या काळातील माणसे तरी स्वतःच्या काळावर खूश होती काय? विचारवंत मुळीच नव्हते. डेव्हिड रीझमन यांचे 'द लोनली क्राउड' १९५० चे, विल्यम व्हाइट यांचे 'द ऑर्गनायझेशन मॅन' १९५६ चे. माणूस एकाकी झाला आहे, एकसाची झाला आहे, कंपनीचा ताबेदार झाला आहे, हीच ओरड. सामान्य जन ग्रंथ वाचत नव्हते, पण १९५५ साली उघडलेल्या डिस्नेलँडमध्ये शिरताच त्यांना जी पहिली गोष्ट भेटे ती म्हणजे 'मेन स्ट्रीट', १९०० च्या सुमाराच्या छोट्या गावातली रम्य बाजारपेठ, वॉल्ट डिस्ने यांच्या बालपणीच्या आठवणींतली. दूरचित्रवाणीवर पश्चिमेकडील घोडेस्वारांच्या मालिकांचा सुकाळ. म्हणजे ज्या दशकाकडे आजचा अमेरिकन उसासे टाकत पाहतो, ते दशक तोंड फिरवून आणखी पन्नास वर्षे मागे पाहत होते. त्याला 'फिफ्टीज' म्हणून रंगरूप आले ते १९७० नंतर. व्हिएतनाम, वॉटरगेट, १९७३ ची तेलटंचाई, बंद पडू लागलेले कारखाने, आणि त्याच १९७३ सालचा चित्रपट 'अमेरिकन ग्राफिटी', १९७४ ची मालिका 'हॅपी डेज'. तेव्हापासून हा माल सतत खपतो आहे. स्टेफनी कूंट्झ यांनी १९९२ साली 'द वे वुई नेव्हर वर' हे पुस्तक लिहून या मालाची कसून तपासणी केली. खपावर परिणाम झाला नाही.

म्हणून ही सारी भ्रांती म्हणावी काय? आमचे मत तसे नाही. १९४७ ते १९७३ या काळात अमेरिकन कुटुंबाचे खरे उत्पन्न जवळजवळ दुप्पट झाले, आणि त्या वाढीत खालच्या थरांचा वाटा वरच्यांच्या बरोबरीचा होता. तसे पुन्हा घडले नाही. संघटित कामगारांचे प्रमाण आज दहा टक्क्यांच्या आसपास आहे. शाळा सोडून कारखान्यात लागलेल्या पोराला पंचविशीत घर घेता येत होते, आज त्याच्या नातवाला पदवी आणि कर्ज दोन्ही असून येत नाही. त्याने उसासा टाकला तर त्यास मूर्ख ठरवणे हा शिकलेल्यांचा उद्दामपणा होय. आमची तक्रार वेगळी आहे. उजवीकडचे लोक त्या काळातले कुटुंब, चर्च आणि शिस्त उचलतात. करांचे दर, कामगारांचे करार आणि सरकारी हमी विसरतात. डावीकडचे लोक करार आणि कर यांची आठवण काढतात आणि पंचविसावे कलम घाईने उलटून जातात. करारनामा मात्र एकच होता. ज्या सरकारी शिक्क्याने एकास हप्त्याची हमी दिली, त्याच शिक्क्याने दुसऱ्यास दाराबाहेर ठेवले, आणि पहिल्यास मिळालेल्या घराची किंमत काही अंशी दुसरा बाहेर असण्यावर ठरत होती.

पुढे दारे उघडली. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा, १९६५ चा मताधिकाराचा आणि स्थलांतराचा, १९६८ चा गृहनिर्माणातील भेदभावास बंदी करणारा. परंतु कायदा झाला तोवर ती ७,९९० डॉलरांची घरे त्या किमतीस उरली नव्हती, आणि थोड्याच वर्षांत कामगारांचे वेतनही साकळले. ज्यांनी १९४९ साली घर घेतले, त्यांच्या घराच्या वाढलेल्या किमतीतून मुले महाविद्यालयांत गेली, नातवंडांना वारसा मिळाला. ज्यांना तेव्हा नाकारले गेले, त्यांना १९६८ नंतर बाजारभावाने घेण्याचा हक्क मिळाला. लेव्हिटाउनमधील घरांचे भाव आज पाच-सहा लाख डॉलरांच्याही पुढे गेले आहेत. मालकांनी मजले चढवले, गॅरेजे जोडली. मूळ रूपातले घर आता शोधावे लागते.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर जे मराठी डॉक्टर, अभियंते आणि प्राध्यापक अमेरिकेत गेले, ते याच उघडलेल्या दारातून. त्यांनी उपनगरांत घरे घेतली, गणेशोत्सव सुरू केले, १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापले. १९७० साली अमेरिकेत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण ४.७ टक्के होते, आज ते चौदा टक्क्यांच्या आसपास आहे. 'पूर्वीची अमेरिका राहिली नाही' या तक्रारीत या आकड्याचाही भाग आहे, आणि त्या आकड्यात आपलाही. तरीसुद्धा ही तक्रार आता काही मराठी घरांतूनही ऐकू येते, ती पूर्वीची अमेरिका त्यांच्या आजोबांना वर्षाला शंभरातला एक म्हणून घेत होती हे ध्यानात न घेता. कायद्यासाठी मोर्चे काढणारी, दगड खाणारी माणसे वेगळी होती.

मायर्स कुटुंब लेव्हिटाउनमध्ये चार वर्षे राहिले आणि १९६१ साली पेन्सिल्व्हेनियातीलच यॉर्क गावी गेले. विल्यम लेव्हिट यांनी १९६८ साली कंपनी विकली. १९९४ साली ते वारले, तेव्हा जवळचा पैसा संपलेला होता. १९९९ च्या डिसेंबरात ब्रिस्टल टाउनशिपच्या महापौरांनी डेझी मायर्स यांना परत बोलावले, बेचाळीस वर्षांपूर्वी झाल्या प्रकाराबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि नाताळच्या सार्वजनिक वृक्षास त्यांचे नाव दिले, 'मिस डेझी'. बाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होत्या. त्या समारंभास आल्या.